बालपणीचा घाव आणि मोठेपणीची उभारी

*गुरुवारचा अभ्यासपाठ*



गेल्या गुरुवारी आपण वडीलधाऱ्यांच्या सेवेचा पाठ वाचला. त्यावर ग्रुपवर नेहमीप्रमाणे हात जोडलेले निरोप आले. पण काही निरोप ग्रुपवर न येता वेगळे आले, तेही रात्री उशिरा. थोड्याफार फरकाने प्रश्न एकच होता: "ज्यांनी लहानपणी आमचे हाल केले, तेच घरातले वडीलधारे असतील तर?" कोणी पट्ट्याचा मार खाल्ला होता. कोणी बालपणभर "तू जन्मालाच आली नसतीस तर बरं झालं असतं" हे ऐकलं होतं. काहींनी एवढंच लिहिलं होतं की जे झालं ते लिहिता येणार नाही. लिहिणाऱ्यांत बायका होत्या तसे पुरुषही होते, आणि बरेचसे चाळिशी-पन्नाशी ओलांडलेले.

आजचा पाठ त्यांच्यासाठी आहे. तसाच तो त्यांच्या शेजारी बसून रोज जेवणाऱ्या, पण यातलं काही ठाऊक नसलेल्या घरच्यांसाठीही आहे. लहान मुलं झोपल्यावर मोठ्यांनी वाचावा. वाचताना जीव घाबरा झाला तर मधेच ठेवून द्यावा, पाणी प्यावं, घरात चार पावलं चालावं. पाठ कुठे पळून जात नाही.

*१. छळ कशाला म्हणायचं?*

आपल्याकडे "आम्हीसुद्धा मार खाल्लाय, काय बिघडलं?" असं सहज म्हटलं जातं. म्हणून आधी शब्दांचा अर्थ नीट लावू. मुलांचा छळ चार प्रकारचा मानतात. एक शरीराचा: मारहाण, चटके, कोंडून ठेवणं. दुसरा लैंगिक: नको तिथे हात लावण्यापासून पुढचं सगळं, आणि मुलाला अश्लील काही दाखवणं हेही त्यातच. तिसरा मनाचा: सतत अपमान, धमक्या, भावंडांत केलेला दुजाभाव, "तुला सोडून जाईन" असं भय घालणं. चौथा प्रकार म्हणजे हेळसांड: मूल उपाशी आहे, आजारी आहे, रडतंय, पण बघायला कोणी नाही.

केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली देशातल्या १३ राज्यांतला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात १२,४४७ मुलांशी बोलणं झालं. दर तीन मुलांपैकी दोघांनी मारहाण झाल्याचं सांगितलं. निम्म्याहून अधिक, म्हणजे ५३ टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या लैंगिक छळाचा अनुभव सांगितला, आणि त्यांत मुलगे मुलींपेक्षा किंचित जास्तच होते. छळणाऱ्यांपैकी निम्मे लोक मुलाच्या ओळखीचे किंवा विश्वासातले होते. आणि बहुतेक मुलांनी ही गोष्ट कोणालाच सांगितली नव्हती.

आपला ग्रुप या आकड्यांच्या बाहेरचा नाही. गोवा असो, बेळगाव असो, इंदूर-ग्वाल्हेर किंवा बडोदा-हैदराबाद असो, आपण पिढ्यान्‌पिढ्या परमुलखात घरं धरून राहिलेली माणसं. चार लोकांत नाव जपायचं, ही आपली सवय. "झाकली मूठ सव्वा लाखाची" ही म्हण आपण पैशापाण्यासाठी वापरतो तोवर ठीक आहे. पण त्या मुठीत एखादं लेकरू गुदमरत असेल तर ती मूठ उघडायलाच हवी.

*२. मोठेपणी तो घाव कुठे दिसतो?*

अमेरिकेत सॅन डिएगो शहरात डॉ. व्हिन्सेंट फेलिट्टी हे लठ्ठपणावर उपचार करणारं केंद्र चालवत. १९८०च्या दशकात त्यांच्या लक्षात आलं की ज्यांचं वजन उत्तम कमी होतंय, अशीच काही माणसं मधेच उपचार सोडून जातात. त्यांच्याशी सावकाश बोलल्यावर अनेकांच्या बालपणी लैंगिक छळ झाल्याचं समोर आलं. काहींना अंगावरचं वजन हे संरक्षणच वाटत होतं. डॉक्टर ज्याला रोग समजत होते, तो त्या माणसाने शोधलेला उपाय होता.

पुढे डॉ. फेलिट्टी आणि डॉ. रॉबर्ट अँडा यांनी १७ हजारांहून अधिक प्रौढांना त्यांच्या बालपणाविषयी विचारलं. पहिले निष्कर्ष १९९८ साली प्रसिद्ध झाले. मारहाण, लैंगिक छळ, अपमान, घरात दारू, आईला होणारी मारझोड, घरातल्या कोणाचा मानसिक आजार किंवा तुरुंगवास अशा अनुभवांचे प्रकार त्यांनी मोजले. ज्यांच्या वाट्याला असे चार किंवा अधिक प्रकार आले होते, त्यांच्यात दारूचं व्यसन, नशा, नैराश्य आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका, असं काहीच न सोसलेल्यांच्या तुलनेत ४ ते १२ पट निघाला.

असं का होतं? लहान मुलाचा मेंदू घडत असतो. घरातच धोका असेल तर शरीरातली धोक्याची घंटा कायम चालू राहते. दाराची कडी वाजली की छातीत धडधड, जिन्यावर पावलं वाजली की श्वास रोखलेला. त्या वयात ही सावधगिरी मुलाला वाचवते. पण मोठेपणी धोका टळला तरी घंटा वाजतच राहते. वरिष्ठांनी जरा आवाज चढवला की हातपाय गार पडतात. कुकरची शिट्टी झाली तरी दचकायला होतं. नवऱ्याने मागून खांद्यावर हात ठेवला की अंग आक्रसतं.

म्हणून मोठ्या माणसांत हा घाव नेहमी रडण्यातून दिसतो असं नाही. तो झोप न लागण्यात दिसतो. क्षुल्लक कारणावरून उसळणाऱ्या रागात दिसतो. कोणालाच "नाही" म्हणता न येण्यात दिसतो. सगळ्यांचं सगळं करून स्वतः न जेवण्यात दिसतो. कारण न सापडणाऱ्या डोकेदुखीत, पोटदुखीत दिसतो, तसाच दारूच्या बाटलीतही. सगळ्यांत खोल असते ती शरम: "माझ्यातच काहीतरी वाईट असणार, म्हणून माझ्या बाबतीत असं झालं." आपण घरात सहज म्हणतो, "ही आधीपासून चिडकीच," "काका पहिल्यापासून एकलकोंडेच." पहिल्यापासून म्हणजे नेमकं केव्हापासून, हे कोणी विचारत नाही.

मात्र एक गोष्ट नीट समजून घ्या. धोका वाढतो म्हणजे भविष्य ठरतं असं नव्हे. चार पट धोका ही कोणाची कुंडली नाही. ज्यांनी पुष्कळ सोसलं त्यांतलेही कितीतरी जण पुढे स्थिर, मायाळू आयुष्य जगतात. ते कसं, हा पुढचा भाग.

*३. काउआई बेटावरची मुलं*

प्रशांत महासागरात हवाई बेटांमध्ये काउआई नावाचं एक बेट आहे. तिथे १९५५ साली जन्मलेल्या ६९८ बाळांचा अभ्यास एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जन्मापासून सुरू केला, आणि ती मुलं चाळिशीची होईपर्यंत चालू ठेवला. एमी वर्नर स्वतः जर्मनीत जन्मलेल्या, दुसरं महायुद्ध लहानपणी पाहिलेल्या.

त्या बाळांपैकी सुमारे २०० जणांची सुरुवातच अवघड होती. जन्माच्या वेळचे त्रास, गरिबी, घरात भांडणं, आईबापांपैकी कोणाला दारूचं व्यसन किंवा मानसिक आजार, यांतल्या चार किंवा अधिक गोष्टी दोन वर्षांच्या आतच त्यांच्या वाट्याला आल्या. त्यांतल्या दोन तृतीयांश मुलांना पुढे शाळेत, वागणुकीत किंवा मनाच्या आरोग्यात अडचणी आल्या. पण उरलेली ७२ मुलं नीट वाढली. शिकली, कामाला लागली, माणसांवर माया करू शकली. ही मुलं वेगळी का निघाली, हाच वर्नरबाईंचा शोध होता.

उत्तरं अगदी घरगुती आहेत. पहिलं म्हणजे त्या प्रत्येक मुलाला निदान एक तरी स्थिर, मायेचं माणूस मिळालं होतं. ते आईबापच असायला हवेत असं नाही. कोणाची आजी, कोणाची आत्या, कोणाचा थोरला भाऊ, कोणाच्या शेजारीण. दुसरं, शाळेत एखादे शिक्षक, ज्यांना या मुलाचं कौतुक होतं. तिसरं, हातात एखादी आवडीची गोष्ट, जी आपल्याला जमते असं मुलाला वाटायचं. चौथं, घरात कोणाच्या तरी उपयोगी पडण्याची जबाबदारी. आणि पाचवं, अनेकांच्या बाबतीत श्रद्धा: आपल्या जगण्याला अर्थ आहे, हा विश्वास.

याहून दिलासा देणारी गोष्ट पुढची आहे. किशोरवयात जी मुलं बिघडली, भरकटली, त्यांच्यातलेही बहुतेक जण तिशी-चाळिशीपर्यंत सावरलेले दिसले. कोणी पुन्हा शिकायला बसलं, कोणी सैन्यात गेलं, कोणाला समजूतदार जोडीदार मिळाला, कोणी एखाद्या उपासक समुदायात रमलं. म्हणजे उभारी धरण्याचं वय बालपणी संपत नाही. पन्नाशीत आपल्याला लिहिणाऱ्या भगिनींनी हे वाक्य दोनदा वाचावं.

आणखी दोन गोष्टी वर्नरबाईंनी नोंदवल्या आहेत, त्या सहसा सांगितल्या जात नाहीत. जी मुलं सावरली, त्यांतल्या अनेकांनी आपल्या त्रासदायक घरापासून मनाने किंवा प्रत्यक्ष अंतर ठेवलं होतं. आणि सावरलेल्यांपैकी काहींना मोठेपणी ताणाचे आजार होतेच: डोकेदुखी, पाठदुखी. उभारी म्हणजे घाव पुसला जाणं नव्हे. मोडलेलं हाड जुळतं, माणूस चालू लागतो, तरी पावसाळ्यात ते ठणकतं. ठणकलं म्हणून तो माणूस लंगडा ठरत नाही.

*४. आपल्या परंपरेतली एक मुलगी*

हे सगळं परदेशातलं वाटत असेल तर आपल्याच संत बहिणाबाईंकडे पाहू. (खानदेशच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी त्या वेगळ्या.) सतराव्या शतकात वेरूळजवळच्या देवगावात त्यांचा जन्म झाला. फार लहान वयात त्यांचं लग्न तिशीतल्या बिजवराशी लावून दिलं. पुढे कुटुंब फिरत फिरत कोल्हापूरला आलं. तेव्हा त्या अकराएक वर्षांच्या होत्या. एका वासराचा त्यांना लळा लागला होता. जयराम स्वामींच्या कीर्तनाला त्या वासराला घेऊन जात. स्वामींनी त्या मुलीच्या डोक्यावर मायेने हात ठेवला. ही गोष्ट कोणीतरी नवऱ्याच्या कानी घातली आणि त्याने तिला बेदम मारलं, बांधून घातलं.

हे आपल्याला ठाऊक आहे, कारण बहिणाबाईंनी ते आपल्या आत्मनिवेदनात स्वतः सांगितलं आहे. आमच्या मते शिकण्यासारखी गोष्ट इथेच आहे. त्यांनी नवऱ्याचा अपराध झाकला नाही, आणि तो सांगितला म्हणून त्यांची भक्ती कमी झाली नाही. तुकोबांना गुरू मानलेल्या या बाईंना जर मार "मार" म्हणून सांगता येतो, तर आपल्याही घरात तो सांगता यायला हवा.

आणि कृपा करून कोणी असं म्हणू नये की मार बसला म्हणून त्या संत झाल्या. माराने कोणी संत होत नाही. मार बसला तरी त्या उभ्या राहिल्या. "म्हणून" आणि "तरी" या दोन शब्दांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. एखाद्याचं दुःख ऐकल्यावर "देवाने तुला घडवण्यासाठीच दिलं" असं म्हणण्याआधी हा फरक आठवावा.

*५. आलेले प्रश्न*

*"हे आमचं प्रारब्धच ना?"* संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण हे तीन शब्द आपण पाठात अनेकदा वाचले आहेत. प्रारब्धाचा विचार माणसाने स्वतःपुरता, स्वतःच्या मनाला धीर देण्यासाठी करायचा असतो. दुसऱ्याच्या अपराधावर पांघरूण घालायला तो नाही. ज्याने लेकराला छळलं, त्याचं ते क्रियमाण कर्म होतं आणि त्याची जबाबदारी पूर्णपणे त्याचीच. आठ वर्षांच्या मुलाने काही केलं नव्हतं. आज मात्र तुमचं क्रियमाण तुमच्या हातात आहे: बोलायचं की नाही, मदत घ्यायची की नाही, हा घाव पुढच्या पिढीला द्यायचा की इथेच थांबवायचा.

*"क्षमा केलीच पाहिजे का?"* क्षमा मोठी गोष्ट आहे, म्हणूनच ती दुसऱ्याने मागून, दटावून किंवा मुदत घालून मिळत नाही. "झालं गेलं गंगेला मिळालं" हे सोसणाऱ्याने म्हणायचं असतं, बघणाऱ्याने नव्हे. कोणाला दहा वर्षांनी क्षमा करावीशी वाटेल, कोणाला कधीच वाटणार नाही. त्यामुळे साधना अडत नाही. आणि क्षमा केली तरी त्या माणसाला पुन्हा घरात घ्यावं, मुलांना त्याच्याजवळ सोडावं, असा तिचा अर्थ होत नाही.

*"लग्नकार्यात त्यांच्या पाया पडावं लागतं. काय करू?"* ज्या माणसाच्या पायाशी वाकताना अंगाला कापरं सुटतं, त्याच्या पाया पडायलाच हवं असं नाही. लांबून हात जोडा, किंवा तेही करू नका. त्या वेळी घरातल्या एका माणसाने नुसतं "अगं, जरा आत ये, काम आहे" म्हणून तुम्हाला हाक मारली तरी प्रसंग निभतो. हे ठाऊक असलेलं एक माणूस आपल्या बाजूला असावं. आणि म्हाताऱ्या वडिलांची सेवा? औषधपाणी, जेवणखाण, डॉक्टर यांची सोय करणं हे कर्तव्य झालं. ते माणूस ठेवून, भावंडांत वाटून, लांबूनही करता येतं. माया आणून दाखवण्याची सक्ती त्यात नाही.

*"नामस्मरण पुरे नाही का? डॉक्टर कशाला?"* मधुमेह झाला की आपण नामही घेतो आणि गोळीही घेतो. इथेही तसंच. मनाच्या जुन्या आघातावर आज चांगले उपचार आहेत: आघातावर केंद्रित बोलण्याची थेरपी, ईएमडीआर नावाची पद्धत, आणि नैराश्य किंवा झोपेसाठी गरजेप्रमाणे औषधं. उपासनेने धीर मिळतो, माणसं मिळतात, दिवसाला शिस्त येते. ती उपचाराच्या सोबत चालावी, उपचाराच्या जागी नको.

*६. ध्यानाला बसताना*

हा भाग साधकांसाठी महत्त्वाचा. काही जण लिहितात, "डोळे मिटले की जुनं सगळं समोर येतं, म्हणून ध्यान सोडलं. आमची श्रद्धा कमी पडते का?" अजिबात नाही. आघात झालेल्या माणसाला डोळे मिटून, शांत, एकटं बसल्यावर जुन्या आठवणी उसळून येऊ शकतात. हा श्रद्धेचा दोष नाही. शरीराची ती घंटा शांततेतही वाजते, एवढंच.

अशांनी पुढील गोष्टी करून पाहाव्यात. डोळे उघडे ठेवा, समईच्या ज्योतीकडे किंवा समोरच्या भिंतीकडे पाहा. दाराकडे पाठ करून बसू नका, दार दिसेल असं बसा. मनातल्या मनात जपण्याऐवजी मोठ्याने नाम घ्या किंवा चालत नाम घ्या. पायाचे तळवे जमिनीला टेकलेत, हे जाणवू द्या. पाच मिनिटं पुरेत. आठवण आलीच तर मनाशी म्हणा, "हे तेव्हाचं आहे. आज मी मोठी आहे, माझ्या घरात आहे, दाराची कडी माझ्या हातात आहे." सामूहिक ध्यानातून उठून जाणाऱ्याकडे कोणी वळून पाहू नये, आणि मागाहून कारणही विचारू नये.

*७. कोणी सांगितलं तर ऐकणाऱ्याने काय करावं?*

वीस-तीस वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट माणूस एकदाच धीर करून बोलतो. तेव्हा ऐकणाऱ्याचं पहिलं वाक्य फार मोलाचं असतं.

हे म्हणू नये: "तेव्हाच का नाही सांगितलंस?" "नक्की आठवतंय ना?" "ते तर देवमाणूस आहेत." "आता उकरून काय उपयोग?" "कोणाला बोलू नकोस, बहिणीचं लग्न व्हायचंय."

हे म्हणावं: "मला खरं वाटतंय." "तुझी काही चूक नव्हती." "सांगितलंस ते बरं केलंस." "आता तुला काय हवंय?" आणि मग गप्प बसावं. तपशील खोदू नयेत. त्या माणसाला विचारल्याशिवाय दुसऱ्या कोणाला सांगू नये, ग्रुपवर तर नाहीच. काउआईच्या मुलांना जे एक माणूस मिळालं होतं, ते माणूस होण्याची संधी आज आपल्याला मिळते आहे. त्यासाठी शिक्षण लागत नाही, ऐकण्याची तयारी लागते.

*आजच्या लहान मुलाने सांगितलं तर?* मग थांबायचं नाही. पहिलं काम मुलाला त्या माणसापासून लांब करणं. लैंगिक छळापासून १८ वर्षांखालच्या मुलांचं रक्षण करण्यासाठी २०१२ साली पॉक्सो कायदा आला. त्यानुसार असा गुन्हा कळल्यावर पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, आणि न कळवणं हाही गुन्हा आहे. "घरातलं घरात मिटवू" याला कायद्यात जागा नाही. छळणारा काका असो, शिकवणीचे सर असोत, किंवा सत्संगातलाच, रोज आरती करणारा कोणी असो, नियम एकच. सत्संगाच्या नावाला बट्टा लागेल म्हणून लेकरू गप्प करायचं, तर तो सत्संग कसला?

*८. मदत कुठे मिळेल?*

टेलिमानस ही केंद्र सरकारची मोफत मानसिक आरोग्य सेवा २०२२ साली सुरू झाली. क्रमांक *१४४१६*. दिवसरात्र चालू असते आणि मराठीसह अनेक भारतीय भाषांत बोलता येतं. मुलांसाठी चाइल्डलाइन *१०९८*. तातडीच्या संकटात *११२*.

प्रत्यक्ष जायचं तर गोव्यात बांबोळीची मानसोपचार संस्था (आयपीएचबी), बेळगावकरांना धारवाडची डिमहान्स, ग्वाल्हेरला मानसिक आरोग्यशाळा, इंदूरला बाणगंगेचं मानसिक रुग्णालय, बडोद्याला कारेलीबागेतलं, हैदराबादला एर्रागड्ड्याचं. नावाला बिचकू नका. तिथे बाह्यरुग्ण विभागात रोज साधी, नोकरी-धंदा करणारी माणसंच येतात. जवळच्या जिल्हा रुग्णालयातही मानसोपचार विभागाची चौकशी करता येईल. आपल्या भाषेत बोलणारा समुपदेशक सापडेपर्यंत दोन-तीन ठिकाणी विचारावं लागलं तरी कंटाळू नये. मनातलं दुखणं आपल्या बोलीत सांगता येणं हेच अर्धं काम असतं.

जगणं नको वाटण्याइतकं मन खाली गेलं असेल, तर हा पाठ पुढे वाचू नका. आधी १४४१६ लावा, किंवा घरातल्या एका माणसाला हाक मारा. आत्ता.

*९. या आठवड्याचा अभ्यास*

१) _ज्यांनी सोसलं आहे त्यांच्यासाठी:_ लहानपणी तुमच्याशी मायेने वागलेल्या एका माणसाचं नाव वहीत लिहा. आजी, शेजारच्या काकू, शाळेतल्या बाई, कोणीही. त्यांनी केलेली एक छोटी गोष्ट त्याखाली लिहा. छळाबद्दल लिहायची घाई नको. ते लिहायचं तेव्हा समुपदेशकाच्या सोबतीने लिहिता येईल.

२) _घरच्यांसाठी:_ "हा स्वभावच असा" असं ज्याच्याबद्दल आपण म्हणतो, अशा घरातल्या एका माणसाला या आठवड्यात काही न विचारता, काही न शिकवता पंधरा मिनिटं सोबत द्या. चहा करून शेजारी बसलात तरी चालेल.

३) _आईवडिलांसाठी:_ आपला हात उगारला जातो तो क्षण ओळखा. मुलाला मारण्याआधी स्वयंपाकघरात जाऊन पाण्याचा एक पेला प्या. आपल्याला जे मिळालं तेच पुढे द्यायचं की नाही, हे त्या एका पेल्यावर ठरतं.

४) _केंद्र चालवणाऱ्यांसाठी:_ १४४१६ आणि १०९८ हे दोन क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून, चपला काढतात तिथल्या भिंतीवर लावा. मुलांच्या संस्कारवर्गात एकटं मूल आणि एकटा मोठा माणूस बंद दाराआड नको, हा नियम करा आणि तो सगळ्यांना सारखा लावा.

या पाठावरचे अनुभव ग्रुपवर टाकू नयेत, ही विनंती. ज्यांना बोलायचं आहे त्यांनी आपल्या विश्वासातल्या माणसाशी किंवा वरच्या क्रमांकावर बोलावं. पाठ पुढे पाठवायला हरकत नाही. तुमच्या ओळखीत कोणीतरी रात्री उशिरा जागं असेल, त्यांच्यापर्यंत तो पोचू दे.

पुढच्या गुरुवारी: राग आला असता बोलावं कसं.

सर्वांचं कल्याण होवो.